अनुभव धागा: पहिल्यांदा नेम धरला तेव्हा

शेवंती
लेक एनसीसी कॅम्पहून कोपरं सोलवटून आली आणि आमची पॉइंट टू टू (छोट्या गोळीची) रायफल आठवली. पालथं पडायचं, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट, गाल लाकडाला. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या पट्टीच्या, खाचेत नळीच्या टोकावरची टिप बरोबर मध्ये, आणि ती काळ्या गोलाच्या बुडाशी. हवालदार साहेब ओरडायचे, "नजर टिपवर! टार्गेट धुरकट दिसू दे." डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बघतो, आणि टिप केसभर सरकली तरी गोळी भलतीकडे. तुम्हीही लिहा ना.

रानवाट
ट्रिगर!! खेचायचा नाही, दाबत न्यायचा. थोडा श्वास सोडून थांबायचं, बोटाच्या पहिल्या पेरानं सावकाश. आवाजाच्या धास्तीनं आधीच डोळे मिटले की गोळी बहुतेक खालीच. कुकर झालाय, नंतर येते.

दादरकर
मी एअर रायफलवाला. १० मीटरवर आख्खं टार्गेट ४५.५ मिमी, मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिमी! छर्रा ४.५ मिमीचा, ठिपका पार गिळून टाकतो. जाड जाकीट घालूनही हृदयाचा ठोका साइटमध्ये जाणवतो.

पंचगंगाकाठ
१ ऑगस्ट २०२४ विसरणार नाही. पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ, ४५१.४ गुण. गुडघ्यावर, पालथं, उभ्यानं, तिन्ही जमावं लागतं. उभ्यानं सगळ्यात अवघड, रायफल डुलतच राहते. त्याआधी २०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत विश्वविजेती, तीही कोल्हापूरची. अभिमान वाटतो हो.

मीनल_ठाणे
हात उजवा पण नेमाला डावाच डोळा पुढे येतो, असं कुणी आहे का? माझ्या मुलाचं तसंच आहे, फार खट्टू झालाय.

दादरकर
@मीनल ताई, आधी खात्री करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरायला सांगा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं बोट खांबावरून सरकत नाही, तो पुढारलेला. डाव्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावून उजव्यानं नेम धरणारे पुष्कळ आहेत. धीर द्या त्याला.

मीनल_ठाणे
खूप आभार दादा, संध्याकाळी बघते.

रानवाट
आले. शेवंती, लेकीच्या कोपरांना रात्री खोबरेल लाव गं. आणि ग्रुपिंग कसं आलं तिचं, गोळ्या किती जवळजवळ लागल्या?

शेवंती
पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत, पण गोलाच्या डावीकडे. साहेब म्हणाले पकड उत्तम, आता साइट सरकवू.

रानवाट
अगं मग पोरगी तयार आहे! कॅम्प कुठे होता? भाचीलाही पाठवायचंय.