ओएसिसचा 'द मास्टरप्लॅन': बी-साइड्स आहेत म्हणून सोडून देऊ का?

कॅसेटवेडा:
मंडळी एक विचारायचं होतं. ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचे पहिले दोन अल्बम ऐकून ऐकून पाठ झालेत, तिसरा 'बी हिअर नाऊ' मात्र अर्ध्यातच सोडला, प्रत्येक गाण्याला फारच लांबण लावलीय. काल मित्र म्हणाला तो ठेव बाजूला आणि 'द मास्टरप्लॅन' ऐक. शोधलं तर १९९८ चा बी-साइड्सचा अल्बम निघाला, १४ गाणी. आता बी-साइड म्हणजे सिंगलच्या (सुट्ट्या काढलेल्या गाण्याच्या) मागे लावलेलं गाणं ना, मग ती खरंच ऐकण्यासारखी असतात का फक्त कट्टर फॅन लोकांसाठी? आणि सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी:
डोळे झाकून ऐक रे. हे उरलंसुरलं अजिबात नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये सीडी सिंगलवर मुख्य गाण्याबरोबर अजून दोन-तीन गाणी घालायची पद्धत होती आणि ९४-९५ ला बँडचा गिटारिस्ट आणि गाणी लिहिणारा नोएल गॅलघर असा सुटला होता की लिहील ते चांगलंच निघत होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणी ज्यांच्यावर अख्खं करिअर उभं केलं असतं अशी गाणी त्याने मागे लावून टाकली. 'द मास्टरप्लॅन' हे गाणंच घे, ते त्यांच्या गाजलेल्या 'वंडरवॉल'च्या मागे होतं! स्ट्रिंग्ज, ब्रास, सगळा थाट आहे, असलं गाणं कुणी मागे लावतं का? नंतर त्याने स्वतःच कबूल केलंय की ही गाणी राखून ठेवायला हवी होती.

सुरुवात पहिल्याच गाण्यापासून कर, 'ॲक्विएस'. १९९५ च्या 'सम माइट से'चं बी-साइड. तो सिंगल ब्रिटनमधला त्यांचा पहिला नंबर वन, पण मला विचारशील तर मागचं गाणं पुढच्यापेक्षा भारी. कडवी नोएलचा भाऊ, मुख्य गायक लियम म्हणतो, त्या खरखरीत आवाजात, आणि कोरस आला की नोएल वरच्या पट्टीत उचलून धरतो. दोघा भावांचे आवाज एकमेकांच्या हातात गाणं देतात ती जागा हेडफोन लावून ऐक, मला अजून काटा येतो अंगावर.

जाईजुई_नाशिक:
मी मात्र 'टॉक टुनाइट'पासून सुरुवात कर म्हणेन, तेही रात्री सगळे झोपल्यावर. सप्टेंबर १९९४ मध्ये लॉस एंजेलिसला व्हिस्की ए गो गो क्लबमधला शो पार बिघडला आणि नोएल बँड सोडून सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. तिथे एका मुलीने त्याला सांभाळलं, त्याची समजूत घातली, मग तो परत आला आणि ते सगळं या गाण्यात आलं. जवळपास नुसती गिटार आणि त्याचा आवाज, लियम नाहीच. हे माहीत नसताना मी कितीतरी वर्षं ते प्रेमाचं गाणं म्हणूनच ऐकत होते, आता ऐकते तेव्हा आभार मानल्यासारखं वाटतं. माझ्या वाईट दिवसांत फार साथ दिलीये या गाण्याने.

एकतारी:
वरच्या दोघांशी सहमत पण सगळाच अल्बम सारखा नाहीये हेही सांगून ठेवतो. 'द स्वॉम्प साँग' मध्ये शब्द नाहीत, त्याचेच दोन तुकडे त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये, 'मॉर्निंग ग्लोरी'त, गाण्यांच्या मध्ये येतात, तिथे ते छान बसतात, इथे पूर्ण ऐकताना मला कंटाळा येतो. आणि 'राउंड आर वे' घेतलंच नाही याचं मला अजून वाईट वाटतं, तेही 'वंडरवॉल'च्याच सिंगलवर होतं, ऐन सकाळी लावायचं गाणं आहे ते. बीटल्सचं 'आय ॲम द वॉलरस' मात्र लाइव्ह घेतलंय ते मस्त. मूळ गाणंसुद्धा १९६७ ला 'हॅलो गुडबाय'चं बी-साइडच होतं, त्यामुळे इथे ते अगदी घरचं वाटतं.

रात्रपाळी:
'राउंड आर वे'बद्दल एकदम बरोबर. आणि कॅसेटवेडा, फक्त कट्टर फॅनसाठी का असं विचारलंस ना, २०२५ च्या टूरमध्ये यातली पाच गाणी होती, 'ॲक्विएस' तर दुसऱ्याच नंबरला, आणि 'द मास्टरप्लॅन' शेवटी एन्कोअरला (शो संपल्यावर परत येऊन म्हणतात त्या गाण्यांत). अख्खं स्टेडियम म्हणत होतं रे.

कॅसेटवेडा:
जाईजुई ताई, तुमचं ऐकून काल रात्री 'टॉक टुनाइट' लावलं. एकदा संपलं, परत लावलं, मग तिसऱ्यांदा. 'ॲक्विएस' आज बसमध्ये ऐकतो. त्या 'राउंड आर वे'ची लिंक असेल तर टाका ना कुणीतरी.