मदत हवी आहे: हार्टलपूलची ‘त्रिंकोमाली’ बाबांना दाखवायची आहे

पुढच्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे लीड्सला येत आहेत. बाबांना इंग्लंडात एकच गोष्ट बघायची आहे: जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईत बांधलेली, आता ईशान्य इंग्लंडातल्या हार्टलपूलला असलेली ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका. नेपोलियनच्या लढायांसाठी झालेल्या जहाजबांधणीमुळे ब्रिटनमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून काम मुंबईकडे आलं. १८१७ साली ही फ्रिगेट पाण्यात उतरली, तीही मलबारी सागवानाची. अजून तरंगतेय! मला तर याचा फार अभिमान वाटतो.

बाबांचे गुडघे दुखतात. खालच्या डेकवर उतरायचे जिने किती उभे आहेत? धरायला कठडा आहे का? मूळ सागवान नेमकं कुठे बघायला मिळतं, तेही कृपया सांगा. त्यांना त्यावरून एकदा हात फिरवायचाय.