तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडेच राहिली (मदतकार्यातले फसलेले अनुभव)

कपाट आवरताना कामावरच्या जुन्या जॅकेटच्या खिशात एक बारकी किल्ली सापडली. पाच मिनिटं कळेना कशाची. मग आठवलं आणि तिथेच खाली बसले.

छावणीत आम्ही तक्रारपेटी लावली होती. निळी, कुलूपबंद, वर तीन भाषांत सूचना. देणगीदारांची माणसं आली की पहिला फोटो तिचाच. पुढे माझी बदली झाली. हँडओव्हर नोट १४ पानांची लिहिली, गाड्यांची लॉगबुकं, जनरेटरची सर्व्हिसिंग, सगळं त्यात. किल्ली खिशात. तीन महिन्यांनी जुना सहकारी भलत्याच कामासाठी फोनवर होता, जाता जाता म्हणाला, "अगं, ती पेटी उघडायची कशी?"

तीन महिने मासिक अहवालात 'प्राप्त तक्रारी : ०' जात होतं. शेऱ्याच्या रकान्यात 'समाधानकारक'.

कुलूप तोडलं तेव्हा १९ चिठ्ठ्या निघाल्या. आठ एकाच गोष्टीच्या, बायकांच्या संडासाच्या वाटेवर दिवा नाही. २०१४ च्या कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्डमध्ये, म्हणजे मदतसंस्थांनी स्वतःला घालून घेतलेल्या दंडकांत, नऊ वचनं आहेत, पाचवं तक्रारींचं आणि सातवं शिकत राहण्याचं. मी त्याचं ट्रेनिंग द्यायचे. म्हणजे मीच!

तुमचंही असं काही असेल तर लिहा. संस्थेचं, माणसाचं नाव नको.

गोदामवाला : १४ पानी हँडओव्हर नोट कुणी वाचली असेल असं का वाटलं तुम्हाला 😀

नळजोडणी : आमचं पाणी-स्वच्छतेचं काम. स्फिअर, म्हणजे मदतकार्यातल्या किमान दर्जाचं पुस्तक, त्याचे आकडे झोपेतही म्हणून दाखवीन. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे १ नळ, २० माणसांमागे १ संडास. माझ्याकडे तर १८ माणसांमागे १ होता. एक्सेल हिरवंगार. मग एका आजींनी सांगितलं की बायका उजाडायच्या आत बाहेर मोकळ्यावर जातात. का? दाराला आतून कडी नाही. टेंडरमध्ये 'दरवाजा' लिहिला होता, 'कडी' लिहिली नव्हती. कंत्राटदार बरोबर, मी बरोबर, संडास रिकामे. त्याच पुस्तकात लिहिलंय की आकडा ही फक्त खूण, खरा दंडक म्हणजे लोकांना वापरता आलं पाहिजे. पण ते वाक्य एक्सेलच्या कुठल्या रकान्यात भरणार?

इतर_इत्यादी : कडी 🙏 आमच्याकडे हाच प्रकार दिव्याच्या बटणाचा. नंतर लिहिते, मुलगा उठला.

मधली भाषा : मी दुभाषा. मूल्यमापनाला बाहेरून एक बाई आल्या होत्या. प्रश्न असा, मिळालेल्या मदतीबद्दल तुम्ही कितपत समाधानी, एक ते पाच. म्हातारबांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "कितीवर बोट ठेवलं की यादीतून नाव जात नाही?" आता हे भाषांतर करायचं की नाही? नाही केलं. "पाच म्हणतात" एवढंच सांगितलं. अहवालात समाधानाची टक्केवारी झकास आली असणार. अजून टोचतं ते.

अर्धवट अहवाल : @मधली भाषा, ती बाहेरून आलेली बाई मीच समजा. तीन दिवसांत तीन छावण्या, चौथ्या दिवशी विमान. पाच-पाच ऐकून मलाही शंका यायची, पण मुदत डोक्यावर होती.

मी या क्षेत्रात आले ते रवांडाचं संयुक्त मूल्यमापन वाचून. १९९४ चा नरसंहार, मग सीमेपलीकडे गोमाच्या निर्वासित छावण्यांतला कॉलरा, आणि त्याच छावण्यांत मारेकरीच वाटपावर वचक ठेवून. १९९६ च्या त्या अहवालाने कुणाला सोडलं नाही. राजकीय कृतीची जागा मदत घेऊ शकत नाही, हे स्वच्छ म्हटलंय. त्यानंतरच १९९७ मध्ये स्फिअर आणि अल्नॅप (मदतकार्यातून शिकण्यासाठीचं संस्थांचं जाळं) सुरू झाले. मग २००४ ची त्सुनामी. ४० हून जास्त संस्थांनी मिळून केलेलं मूल्यमापन २००६ मध्ये आलं. त्यात काय? सुरुवातीचे जीव आसपासच्या लोकांनीच वाचवले, आणि बाहेरून आलेल्यांनी त्यांनाच बाजूला सारलं. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या अहवालात शिफारस क्र. ४ : 'स्थानिकांना निर्णयात घ्यावे.' आदल्या अहवालातून उचलून चिकटवली होती. कबूल.

गोदामवाला : 'लेसन्स लर्न्ट' म्हणतात, आम्ही 'लेसन्स टाइप्ड' म्हणायचो.

माझा किस्सा औषधांचा. जागतिक आरोग्य संघटनेची १९९६ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. औषध पोचेल तेव्हा निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, लेबल तिथल्या आरोग्यसेवकांना वाचता यावं, आणि मुळात त्यांनी मागितलेलं असावं. आमच्याकडे आलेल्या खोक्यांत काय? मुदत संपलेल्या गोळ्या, डॉक्टरांची अर्धी सॅम्पल पाकिटं, लेबलं कुठल्या लिपीत देव जाणे. परत पाठवलं तर देणारा दुखावतो, जाळलं तर धूर आणि वर खर्च. दीड महिना निम्मं गोदाम त्यानेच अडलेलं, ताडपत्र्या बाहेर पावसात. 'प्राप्त साहित्य' मात्र टनांत मोजलं गेलं. वजनदार काम!

त्या खोक्यांत एक मांजर व्यायली होती. तिचं नाव आम्ही वेबिल ठेवलं, मालाबरोबर जाणाऱ्या कागदाचं.

नळजोडणी : वेबिल 😂😂 पिल्लांची नावं?

गोदामवाला : ओरिजिनल, डुप्लिकेट, ट्रिप्लिकेट.

रांगेतली : मी तुमच्यातली नाही. मी रांगेत उभी होते. तेरा वर्षांची.

यादी कुटुंबप्रमुखाच्या नावावर होती. वडील सापडले नव्हते, गेल्याचा कागदही नव्हता. म्हणजे प्रमुख नाही, म्हणून कार्ड नाही. आई रोज टेबलापाशी जायची. टेबलामागचा मुलगा चांगला होता, रोज वहीत लिहून घ्यायचा. "कळवतो" म्हणायचा. सव्वीस दिवसांनी तो बदलला. नव्याकडे नवी वही. कोपऱ्यात त्याच निळ्या पेटीसारखी एक पेटी होती. आई म्हणाली, माणूस उत्तर देत नाही तर डबा काय देणार.

शेजारच्या तंबूतल्या दोन घरांनी आपल्यातलं दिलं म्हणून निभावलं. ते कुठल्या अहवालात नसेल.

मधली भाषा : 🙏

अर्धवट अहवाल : नसणार. विचारलंच जात नाही ते.

इतर_इत्यादी : आले परत. मी हॉटलाइनच्या तक्रारी भरायचे. ड्रॉपडाउनमध्ये सात प्रकार. धान्य, पाणी, निवारा वगैरे, शेवटचा 'इतर'. निम्म्या तक्रारी 'इतर'मध्येच जायच्या आणि महिन्याच्या आलेखात 'इतर' राखाडी रंगात. मीटिंगमध्ये राखाडीबद्दल कधी कुणी विचारलं नाही. एक बाई दर सोमवारी फोन करायच्या, म्हणायच्या, "मागच्या सोमवारचं काय झालं तेवढंच सांग." माझ्या स्क्रीनवर 'बंद' दिसायचं. कुणी, का बंद केलं ते नाही. मग मी आपणच शेवटी एक रकाना जोडला, 'त्यांना उत्तर कळवलं का?' वरून ओरडा बसला, फॉरमॅट बदलला म्हणून. सहा महिन्यांनी तोच रकाना सगळ्या ऑफिसांत. माझं नाव अर्थातच नाही 😀

निनावी_क : नाव बदलून लिहितेय. कार्डावर शिक्का मारणारा माणूस मुलींना 'संध्याकाळी ये' म्हणायचा. सगळ्यांना माहीत. तक्रारपेटी त्याच्याच टेबलासमोरच्या भिंतीवर होती. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचं परिपत्रक निघालंय, मदतीच्या बदल्यात असलं काही मागणं म्हणजे गंभीर गैरवर्तन. पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांतलं २००२ मध्ये बाहेर आलं, त्यानंतरचं ते. आमच्या भिंतीवर त्याचं पोस्टरही होतं. पेटीच्या शेजारीच.

मी पेटी हलवली नाही. मला ते सुचलंच नाही, हे सगळ्यात वाईट. एका मुलीने नर्सला सांगितलं आणि नर्सने हट्ट धरला म्हणून तो गेला.

नळजोडणी : अशा नर्सच खऱ्या. नाहीतर ऐकतं कोण? हैतीत लोक सुरुवातीपासून सांगत होते की कॉलरा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळाच्या घाणीतून नदीत आला. ऑक्टोबर २०१० ची गोष्ट. सुमारे १०,००० माणसं गेली आणि माफी आली डिसेंबर २०१६ मध्ये. तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी ती क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेतही मागितली. भाषा बरोबर होती, सहा वर्षांनी का होईना.

उशिरा_उत्तर : आठ चिठ्ठ्या दिव्याच्या, बाकी अकरांत काय होतं?

धागाकर्ती : पाच वाटपाच्या वेळेबद्दल, दोन कुणाकुणाच्या भांडणाच्या. चार कोऱ्या होत्या, नीट चार घड्या घातलेल्या. पोरांचा चाळा समजून टाकून दिल्या.

रांगेतली : पोरांच्या नसतील. लिहिता न येणाऱ्यांना तुमच्याकडे काय सांगितलं होतं?

धागाकर्ती : ...नुसता कागद टाका, आमचा माणूस येऊन विचारेल.

ते वाक्य माझंच होतं.

उशिरा_उत्तर : आणि दिवा लागला का?

धागाकर्ती : लागला. सौर. दोन महिन्यांत चोरीला गेला, पण त्याची तक्रार त्याच रात्री आली. तोवर आम्ही पेटीशेजारी रोज एक तास स्टुलावर माणूस बसवायला लागलो होतो. स्टुलावर बसणाऱ्या आमच्या बाईला तंबूतून उठवून आणून सांगितलं लोकांनी.

गोदामवाला : स्टूल आमच्या गोदामातून गेलं असणार. एक कमी भरत होतं.