प्रतिसाद: २०२० ची वारी

"पोलिसांनी अडवलं म्हणून वारकरी घरी बसले, त्यात त्याग कसला?" हे वरचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. कोरोनामुळे बंदी होती हे खरंच. पण पायी वारी न काढण्याचा निर्णय देहू-आळंदीच्या संस्थानांशी बोलून झाला होता. पालख्यांचं प्रस्थान मंदिरातच मोजक्या लोकांत झालं, पुढचे सतरा-अठरा दिवस ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका तिथेच राहिल्या आणि दशमीला, ३० जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. एरवी हाच रस्ता लाखो माणसं पायी तुडवतात आणि मुक्कामाला गावोगावी एकाच पंगतीला बसतात. त्या वर्षी एवढा समुदाय गावांतून गेला असता तर काय झालं असतं, हे वारकऱ्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं.

आमच्या आबांची सलग सव्वीस वर्षांची वारी त्या वर्षी मोडली. प्रस्थानाच्या दिवशी ते पहाटे उठले, आंघोळ करून बुक्का लावला, गळ्यात वीणा घेतली आणि अंगणात तुळशीभोवती चालू लागले. मग एकादशीपर्यंत रोज, हरिपाठ संपेपर्यंत. पायात चप्पल नाही, पावसाने अंगण चिखलाचं झालेलं. आई म्हणाली, "ओसरीवर या की." तर म्हणाले, "दिवेघाटात कुठं ओसरी असते?" दारात पोलीस नव्हता हो. शेजारची बाळंतीण आणि तिचं दहा दिवसांचं लेकरू मात्र होतं, आणि त्यांच्यासाठी आबा त्या महिन्यात फाटकाबाहेरसुद्धा पडले नाहीत.