टीप द्याच, पण पाकिटावर लिहून
‘क्लीनिंग फी भरली, मग वेगळी टीप कशाला?’ हे मत मला पटत नाही. एअरबीएनबीवर, म्हणजे सुट्टीसाठी घरं भाड्याने मिळतात त्या अ‍ॅपवर, ती फी घरमालकाच्या हिशेबात जमा होते. त्यातले सफाईवाल्या मावशींना किती द्यायचे, ते तोच ठरवतो.

अलिबाग-नागावच्या बंगल्यांत आपण निघाल्यावर मावशी येतात, म्हणून टीप केअरटेकरच्या हाती पडते. तो देईलही, पण खात्री काय? माझी वहिनी तिकडे अशी घरं सांभाळते. ती सांगते, टेबलावर नुसत्या ठेवलेल्या नोटांना बायका हातच लावत नाहीत. पाहुणा विसरला असेल, उद्या चोरीचा आळ यायचा, ही भीती. म्हणून पाकिटावर ठळक ‘सफाईवाल्या मावशींसाठी’ लिहा आणि मालकालाही तसा मेसेज टाका. हळदीचा कार्यक्रम करून चादरी पिवळ्या केल्या असतील, तर शंभरावर भागवू नका.