मदत हवी आहे: कोर्स बनवता येतात, पण अर्जात 'करिअरचं ध्येय' म्हणून काय लिहू? (इन्स्ट्रक्शनल डिझाइन)

फळ्यामागची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवते. वेळ नसेल तर सरळ शेवटचा परिच्छेद वाचा, प्रश्न तिथे आहे.

मी एका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आहे. सुरुवात गोदामात केली, मग टीम लीडर झाले, मग नवीन आलेल्यांना हिला बरं शिकवता येतं म्हणून ट्रेनर केलं आणि आता चार वर्षं ऑनलाइन कोर्स बनवते. पदाचं नाव इन्स्ट्रक्शनल डिझायनर. कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे घरं सजवता का? असो.

या विषयातलं रीतसर शिक्षण काही नाही, जे आलं ते करता करता आलं. कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी स्टोरीलाइन चांगलं येतं, कॅप्टिव्हेट कामापुरतं, एलएमएसवर (म्हणजे लोक जिथे कोर्स उघडतात ती सिस्टिम) कोर्स चढवणं, रिपोर्ट काढणं, आवाज रेकॉर्ड करणं हे सगळं मीच करते. आता कंपनी आमच्यातल्या दोघांना नोकरी सांभाळून मास्टर्स करायला फी देणार आहे, विषय इन्स्ट्रक्शनल डिझाइन आणि टेक्नॉलॉजी, भर नोकरदारांच्या प्रशिक्षणावर. अर्जात एक रकाना आहे, 'तुमचे करिअरचे ध्येय ३०० शब्दांत लिहा'. तिथेच गाडी अडलीय.

अडायचं कारण सांगते. मागे एकदा वरून मेल आला की परत आलेल्या मालाचे कारण-कोड (माल का परत आला ते सांगणारे) गोदामाच्या फ्लोअरवरची माणसं चुकीचे भरतायत, कोर्स करा. मी केला. ४२ स्लाइड, ३५ मिनिटं, ओढून योग्य जागी टाकायचे खेळ, शेवटी क्विझ. सगळ्यांनी पूर्ण केला, सगळे पास, फीडबॅक पण छान छान आला. महिन्याने बघितलं तर चुका होत्या तितक्याच. मग मॅनेजर म्हणाले रिफ्रेशर करा. तो करण्याआधी मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी एक पूर्ण शिफ्ट फ्लोअरवर जाऊन उभी राहिले. हातातल्या स्कॅनरचा स्क्रीन एवढासा, त्यावर कोडचं नाव अर्धंच दिसतं, म्हणजे 'पॅकिंग फाटलेलं' आणि 'पॅकिंग ओलं' दोन्ही नुसतं 'पॅकिंग…' असं दिसायचं आणि लोक आपले वरचं दाबून मोकळे. त्यांना फरक कळत नव्हता असं नाही, दिसत नव्हता! आयटीवाल्यांनी नावाच्या पुढे आकडा टाकला, काम अर्ध्या दिवसाचं, आणि तक्रारी थांबल्या.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. माझा तो कोर्स वाईट नव्हता, पण त्याची गरजच नव्हती. आणि मी आधी केलेल्या किती कोर्सांचं असंच असेल? मग 'मला उत्तम कोर्स बनवायचे आहेत' हे ध्येय म्हणून लिहायला हात धजत नाही. आत्तापर्यंत लिहिलेलं हे: "नावीन्यपूर्ण तंत्रज्ञानाच्या साहाय्याने कर्मचाऱ्यांसाठी प्रभावी अध्ययन अनुभव निर्माण करणे व संस्थेच्या प्रगतीत योगदान देणे." हसू नका.

तर प्रश्न: १) या क्षेत्रात पुढे नक्की कुठे कुठे जाता येतं, डिझाइन, टेक्नॉलॉजी की आणखी काही? २) गोदामातली गोष्ट अर्जात लिहावी का, की कंपनीच्याच पैशाने शिकायला जाताना कंपनीचीच चूक काढल्यासारखं होईल? ३) ते ३०० शब्द!

उंटावरचा_शहाणा

ते अवतरणातलं वाक्य कुणाच्याही अर्जाला डकवता येईल, माझ्या पण. खोडा. बाकी मला या विषयातलं काही कळत नाही, नावाप्रमाणे बोललो.

जुना_खडू

ताई, हसत नाही. मी या कामात वीस वर्षं आहे आणि तुमच्यासारखे अनावश्यक कोर्स किमान डझनभर केलेत, फरक एवढाच की मी फ्लोअरवर बघायला गेलो नाही त्यामुळे झोप छान लागायची.

तुम्हाला जे सापडलं त्याला नाव आहे, परफॉर्मन्स कन्सल्टिंग म्हणतात, आणि ते नवीन नाही. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघांनी १९७० मध्येच हे मांडलं होतं की माणूस काम नीट करत नसेल तर आधी बघा, त्याला येत नाही म्हणून करत नाही की येत असूनही होत नाही. येत नसेल तरच शिकवण्यात अर्थ. पुढे १९७८ मध्ये थॉमस गिल्बर्ट यांनी सहा खाने मांडले. तीन बाहेरचे, म्हणजे माहिती, साधनं, मोबदला. तीन माणसाच्या आतले, म्हणजे ज्ञान, कुवत, इच्छा. त्यांचं म्हणणं असं की आधी बाहेरचे तीन तपासा, तिथली दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्तात होते. तुमचा स्कॅनर दुसऱ्या खान्यातला. कोर्स चौथ्या खान्यातला. औषध बरोबर होतं हो, आजार दुसरा होता.

आणि कोर्स बनवायची ती ॲडी पद्धत सगळे घोकतात ना, पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची, विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्यासाठी जे मॉडेल केलं त्यातून ती आली. सैन्यानेसुद्धा विश्लेषण पहिलं ठेवलं. आपल्याकडे मात्र मेलमध्येच 'कोर्स करा' असं येतं, म्हणजे पहिलं अक्षर गाळूनच गाडी निघते. शेवटचं अक्षर पण कुठेतरी पडतंच वाटेत. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, कामाचा निकाल बदलला का. तुमचा छान छान फीडबॅक पहिली पायरी, क्विझ दुसरी. फ्लोअरवर गेलात ती तिसरी. बहुतेकांची नोकरी पहिल्या दोन पायऱ्यांवर संपते, खरं सांगतो.

प्रश्न २ चं उत्तर: लिहाच. फक्त 'मॅनेजरांनी चुकीचं सांगितलं' असं नको, 'मी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही' असं लिहा. तेच खरंही आहे.

कर्ता_कर्म

मी टेक्नॉलॉजीच्या बाजूने बोलतो कारण खडूकाका ती बाजू नेहमी खातात 🙂

ताई, फ्लोअरवर जाऊन जे डोळ्यांनी बघितलंत ते तुमच्या एलएमएसच्या रिपोर्टमध्ये कधीच दिसलं नसतं, हे लक्षात घ्या. तुमचे कोर्स बहुधा स्कॉर्म १.२ मध्ये (कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी बोलतात ते मानक) पब्लिश होत असतील, ते २००१ चं आहे आणि अजून सगळीकडे ठाण मांडून बसलंय. ते काय सांगतं तर पूर्ण केला की नाही, मार्क किती, वेळ किती. कोर्समध्ये कुठपर्यंत आलो हे लक्षात ठेवायला त्यात फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते, म्हणून मोठा कोर्स मध्येच सोडला की कधी कधी पुन्हा पहिल्या स्लाइडवर येतो आणि लोक आपल्याला शिव्या घालतात. पण कोर्सची खिडकी बंद झाल्यावर माणूस कामावर काय करतो ते स्कॉर्मला माहीतच नाही.

२०१३ मध्ये एक्सएपीआय १.० हे नवं मानक आलं ते याच्यासाठी. त्यात नोंदी वाक्यासारख्या असतात, कुणी, काय केलं, कशावर. शाळेतलं कर्ता-कर्म-क्रियापद, बाकी काही नाही (माझा आयडी तिथूनच). 'अमक्याने कोड बदलला', 'तमकीने मदतीचं पान उघडलं' अशी वाक्यं कामाच्या सिस्टिममधूनही पाठवता येतात आणि ती एलआरएस नावाच्या साठ्यात जमतात. म्हणजे तिसऱ्या पायरीचा डेटा. यातले लोक कमी आहेत. ध्येयात 'टेक्नॉलॉजी' लिहायचंच असेल तर हे लिहा, टूलची नावं नका लिहू, टूल तुमची डिग्री हातात येईपर्यंत बदललेलं असेल.

जुना_खडू

@कर्ता_कर्म, खात नाही, चघळतो. पण सगळंच मोजत सुटलात तर फ्लोअरवरच्या माणसाला वाटतं पाळत ठेवलीय, मग तो मदतीचं पान उघडणंच बंद करतो. कशासाठी मोजतोय ते त्याला आधी सांगा.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूची. म्हणजे तुमच्यासारख्यांचे कोर्स जिच्या डोक्यावर येऊन आदळतात ती 😀 नर्स आहे. वर्षाला ढीगभर कोर्स असतात, नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट करून मोकळं होतो आम्ही. राग मानू नका. पण एकदा कुणीतरी एका मशीनवर एक कार्ड लावून गेलं, पाच पायऱ्या, मोठ्या अक्षरात, ओल्या हाताने पुसता येईल असं. ते आम्ही रोज बघतो. कुणी केलं माहीत नाही पण त्या बाईला (किंवा बाप्याला) माझा नमस्कार. तेपण तुमच्याच खात्यात येतं का?

फळ्यामागची

@रात्रपाळी, येतं की! जॉब एड म्हणतो आम्ही त्याला. आणि खरं सांगू, मला तेच करायला जास्त आवडतं पण वर्षाच्या शेवटी किती कोर्स केले हे मोजतात, कार्डं कुणी मोजत नाही.

जुना_खडू

@फळ्यामागची, हे जे शेवटचं वाक्य लिहिलंत ना, हाच तुमच्या अर्जाचा गाभा.

बाकावरून

माझं मत थोडं वेगळं आहे. मी याच विषयात मास्टर्स केलंय, नोकरी करतच. वरची चर्चा वाचून ताईंना वाटेल की कोर्स बनवणं म्हणजे कमी दर्जाचं काम. तसं नाहीये. कधी कधी लोकांना खरंच येत नसतं आणि तेव्हा नीट शिकवावं लागतं, आणि नीट शिकवणं अवघड आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा एक प्रयोग आम्हाला होता. एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे. आता बघा, आपण क्विझ कधी घेतो? कोर्स संपला की लगेच, म्हणजे जेव्हा सगळंच आठवत असतं. मी त्यानंतर क्विझ फोडून दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न, आठवड्याने दोन, असं करायला लागले. टूल तेच, काम तेवढंच. अशा गोष्टी नुसतं करता करता सापडल्या नसत्या मला, म्हणून शिका असं सांगेन.

दुसरं, उलटंपण शिकले. माणसं 'बघून शिकणारी', 'ऐकून शिकणारी' असतात म्हणून त्याप्रमाणे कोर्स करा, हे मी वर्षानुवर्षं ट्रेनिंगमध्ये सांगायचे. त्याला नीट पुरावा नाही असं २००८ मध्येच पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळा अभ्यास तपासून लिहिलंय. केवढी लाज वाटली तेव्हा. अर्जात चुकून लिहू नका, वाचणारा त्या विषयातला असेल तर तिथेच थांबेल.

पोर्टफोलिओ मागितलाय का? मागितला असेल तर कंपनीचे कोर्स देता येणार नाहीत, परवानगीशिवाय देऊ पण नका. एखादा सार्वजनिक विषय घेऊन छोटं काहीतरी करा आणि त्याच्यासोबत एक पान जोडा, अडचण काय होती, काय तपासलं, काय बनवायचं नाही असं ठरवलं आणि का. ॲनिमेशन सगळेच दाखवतात.

उंटावरचा_शहाणा

ताई, नवा मसुदा टाका. एवढं वाचल्यावर आता उत्सुकता लागलीय.

फळ्यामागची

सगळ्यांचे आभार, रात्री बसून लिहिला. पूर्ण टाकत नाही, सुरुवात टाकते:

"मी चार वर्षं कोर्स बनवतेय. त्यातला एक कोर्स मी पूर्ण अभ्यास न करता बनवला, सगळे पास झाले आणि काम होतं तसंच राहिलं. चूक शिकण्यात नव्हती, स्कॅनरच्या स्क्रीनवर होती. ती शोधायला मला एक शिफ्ट लागली, पण ती शिफ्ट मी कोर्स झाल्यावर केली, आधी नाही. मला पुढच्या पाच वर्षांत अशी व्यक्ती व्हायचंय जिला कोर्सची मागणी आली की ती आधी काम बघायला जाते, कोर्स लागेल तिथे तो नीट करते, कार्ड पुरेल तिथे कार्ड करते, आणि फरक पडला की नाही हे कामाच्या नोंदींवरून दाखवू शकते. यातलं पहिलं मी चुकून शिकले. बाकीचं शिकायला हा अभ्यासक्रम हवा आहे."

जमलंय का? मॅनेजरना दाखवला, ते वाचून जरा गप्प झाले, मग म्हणाले रिफ्रेशरचा मेल मीच टाकला होता ना. मी म्हटलं हो. म्हणाले राहू दे ते, पाठव.

जुना_खडू

'पूर्ण अभ्यास न करता' च्या जागी 'फ्लोअरवर न जाता' करा. बाकी हात लावू नका.

कर्ता_कर्म

'कामाच्या नोंदींवरून' हे आवडलं. तिथे एखादा खरा आकडा मिळाला तर बघा, बदल करण्याआधी आठवड्याला किती चुका आणि नंतर किती.

फळ्यामागची

@जुना_खडू, केलं.
@कर्ता_कर्म, आयटीवाल्यांकडे मागितलाय, उद्या देतो म्हणालेत. अर्जाची शेवटची तारीख परवा आहे. आला तर टाकते, नाही आला तर आकड्याशिवाय पाठवते.