जुनी झेन (कार्बोरेटर): ब्रेक दाबला की इंजिन बंद, व्हॅक्यूम १२. इंजिन खोलू का?

भिलारकर_९७

नमस्कार मंडळी. १९९७ची मारुती झेन आहे, कार्बोरेटरवाली. भिलारला आमची स्ट्रॉबेरी. हंगामात रोज पहाटे मागची सीट पाडून पनेट (फळांचे छोटे डबे) भरायचे आणि पसरणी घाटाने वाईला उतरायचं, हे काम हीच गाडी करते.

दिवाळीपासून त्रास आहे. थंड असताना ठीक चालते. गरम झाली की उभ्या गाडीत इंजिनचा आवाज वरखाली होतो. उतारावर ब्रेक दाबला की गचके खाते. गेल्या मंगळवारी घाटात दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी वळणावर क्लच दाबलेला होता, इंजिन गेलं आणि तिसऱ्या दाबाला ब्रेक दगडासारखा झाला. हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूच्या चरीत चाक घालून थांबवली. शेजारी पुतण्या बसला होता. त्या दिवसापासून त्याला गाडीत घेतलेलं नाही.

मिस्त्रीने तीनदा ट्यूनिंग केलं. दर वेळी दोन-चार दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. अ‍ॅव्हरेज १६ वरून ११ वर आलंय, प्लग काजळीने भरतात, चढाला ओढ नाही. काल त्याने व्हॅक्यूम गेज (इंजिनची हवा ओढण्याची ताकद पाऱ्याच्या इंचांत मोजतो तो) लावला तर १२ इंच. त्याचं म्हणणं, पुस्तकात १८ ते २० आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल, २५ हजार धरा. पण गाडी ऑइल खात नाही, निळा धूर नाही. काय करू?

स्पॅनर_आणि_चिंधी

दादा, दोन गोष्टी आजच करा. इंजिन खोलायला देऊ नका, आणि हे निस्तरेपर्यंत गाडी घाटात घालू नका. ब्रेकला जोर देणारा डबा म्हणजे बूस्टर, त्याला व्हॅक्यूमची ओढ इंजिनकडून मिळते. इंजिन बंद पडलं की आत साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मिळतात, पुढे नुसत्या पायाचा जोर. तुमचा तिसरा दाब दगड झाला तो म्हणूनच. माल आठवडाभर दुसऱ्याच्या पिकअपमधून पाठवा.

आता गेज. पुस्तकातले १८ ते २० इंच समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. तुम्ही चार हजार फुटांच्या वर राहता. म्हणजे ठणठणीत इंजिनसुद्धा तुमच्या अंगणात १४-१५ च दाखवणार. तुमचे गेलेत दोन-तीन इंच, सहा-आठ नव्हे. काटा ठरावीक ठोक्याने खाली पडत असेल तर इंजिनच्या वाल्वचा संशय घ्या. एका जागी स्थिर, पण खाली असेल तर आधी नळ्या बघा.

ट्यूनिंग दोन दिवसच का टिकतं, तेही याच्यातच आहे. कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. मिस्त्री मिक्श्चरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो, तात्पुरतं जमतं. चीर तशीच राहते, वाढतही जाते. प्लग काळे आणि अ‍ॅव्हरेज ११, ही त्या जादा पेट्रोलची किंमत.

गाडी सपाटीला उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन गरम होऊ द्या. ब्रेक दाबून धरा. दाबून धरल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीतली इंजिनची चाल) बदललं आणि बदललेलंच राहिलं तर संशय बूस्टरवर आणि त्याच्या नळीवर. मग मॅनिफोल्डवरून (कार्बोरेटरमधून इंजिनात हवा नेणारं नळकांडं) बूस्टरची जाड नळी काढा आणि तिथे रबरी बूच घट्ट बसवा. आयडलिंग सुधारलं तर चोर नळीपासून पुढे आहे. नळी परत लावा, आता बूस्टरकडचं टोक काढून बूच मारा. तरीही सुधारलेलंच राहिलं तर बूस्टर फाटलाय. परत बिघडलं तर नळी. या उभ्या चाचण्या आहेत, बूच लावून गाडी हलवायची नाही.

चढाला ओढ नाही, ही मला वेगळी तक्रार वाटते. डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटतो तो) जाणारी बारीक नळी बघा. टोपी काढा, नळीचं कार्बोरेटरकडचं टोक तोंडात धरून ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे, आणि टोकाला जीभ लावली की सरकलेलीच राहिली पाहिजे. हवा येतच राहिली तर नळी किंवा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय.

देवगड_डिझेल

आमच्याकडे उदबत्ती पेटवून नळ्यांवरून फिरवतात. जिथे धूर आत ओढला जातो तिथे चीर. पाच मिनिटांत सापडते.

स्पॅनर_आणि_चिंधी

कळकळीने सांगतो, पेट्रोलच्या कार्बोरेटरजवळ उदबत्ती नको. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराच्या भुवया गेल्यात. साबणाचं पाणी पिचकारीच्या बाटलीत भरा आणि जोडांवर एकेक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर वाचवून. पाणी चिरेवर पडलं की क्षणभर भोक बुजतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंगही असंच तपासा, जुन्या गाड्यांत ते वाकतं.

भिलारकर_९७

सापडलं! सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

काटा स्थिर होता, १२ वर. ब्रेक दाबून धरला की आवाज बसायचा आणि बसलेलाच राहायचा. मॅनिफोल्डला बूच मारलं तर इंजिन इतकं शांत झालं की बायको घरातून बघायला आली. बूस्टरकडच्या टोकाला बूच मारल्यावर परत थरथर. म्हणजे नळी.

वरून नळी अगदी धड दिसत होती. काढून उलटी केली तर क्लिपच्या मागे, खालच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी चीर. गार असताना मिटलेली. हातात वाकवली की माशाच्या तोंडासारखी उघडायची. गरम झाल्यावरच त्रास का, ते तेव्हा कळलं. मधला एकतर्फी वाल्व फुंकून पाहिला तर दोन्हीकडून हवा जात होती, म्हणजे तोही गेलेला. डिस्ट्रिब्युटरची बारीक नळी टोकाला बांगडीसारखी कडक होऊन तडकली होती. ते टोक कापून बसवली, आता जीभ लावली की प्लेट जागेवर राहते.

साताऱ्याहून नळी आणि वाल्व आणले, बारीक नळी पुढच्या फेरीला. दुकानदार साधी पाण्याची नळी देत होता, तिला मी नको म्हटलं. आता इथे गेज १४.५. ब्रेक पहिल्यासारखा मऊ. मिक्श्चरच्या स्क्रूला अजून हात लावलेला नाही.

स्पॅनर_आणि_चिंधी

वा, दादा! पाण्याची नळी नाकारलीत हे फार बरं केलंत. ती ओढीने आतून चपटी होते आणि ब्रेक पुन्हा दगड. वाल्ववरचा बाण इंजिनकडे आहे ना, एकदा बघा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की तसंच दाबून ठेवून चालू करा. पाय किंचित खाली गेला पाहिजे.

आता प्लग साफ करा, टायमिंग तपासा, आणि मगच स्क्रू. मिस्त्रीने वाढवलेलं सगळं परत आणायचंय. उलट क्रमाने केलंत तर पुन्हा गोंधळ.

भिलारकर_९७

बाण इंजिनकडेच आहे, पायही खाली गेला. रविवारी रिकामी गाडी घेऊन एकटा घाट उतरलो. वाईत गणपतीच्या घाटाजवळ बॉनेट उघडून गेज लावला, साडेसोळा. वर येताना दुसऱ्या गिअरात चढायची ती जागा तिसऱ्यात चढली.

पुतण्या विचारतोय, उद्या येऊ का.